दाकिया शब्द चालवा

इसवी सन १०८. उन्हाळ्याचे दिवस. डॅन्यूबवरच्या पुलावरून तुम्ही उत्तरेला निघाला आहात. खाली वीस दगडी खांब, वर लाकडी कमानी आणि फळ्या, लांबी किलोमीटरहून जास्त. दमास्कसच्या अपोलोदोरसने १०३ ते १०५ या काळात हा पूल उभा केला. पुढे बैलगाड्या, मागे बैलगाड्या, आणि चाकांचा खडखडाट इतका, की शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं.

तुम्ही रोमन सैन्यातले कारकून आहात. तुमच्या जातीच्या माणसाला इथे लिब्रारियुस म्हणतात. झोळीत मेण भरलेल्या लाकडी पाट्या आणि एक लोखंडी लेखणी: एक टोक लिहायला अणकुचीदार, दुसरं खोडायला चपटं. बरोबर एक थोरला लेखनिक आहे. लढाईत तो काय करतो ते कुणी पाहिलेलं नाही, पण दुसऱ्याच्या पाटीवरची चूक त्याला दहा पावलांवरून दिसते. पलीकडचा काठ लागल्यावर तुम्ही ‘दाकियाला पोचलो’ अशी नोंद करता. तो वाकून बघतो.

“‘इन’ कुठे गेलं?”

“रोमला जाताना लावत नाही, म्हणून इथेही...”

“रोम गाव आहे. हा प्रांत आहे. खोड ते.”

त्याचं बरोबर आहे. लॅटिनमध्ये गावाच्या नावाला नुसती द्वितीया लावली की भागतं: ‘रोमाम’ म्हणजे रोमला. प्रांताचं नाव असलं तर आधी ‘इन’ हवंच: ‘इन दाकियाम’. राहण्याचंही तसंच. ‘रोमाए’ म्हणजे रोममध्ये, ‘दोमी’ म्हणजे घरी. आपल्या ‘घरी’, ‘गावी’सारखीच ही जुन्या सप्तमीची मागे राहिलेली रूपं. प्रांताला त्या घरोब्यात जागा नाही. गाव हा एक ठिपका, तिथे माणूस नुसता असतो. प्रांतात शिरावं लागतं. बादशहा ट्राजानला शिरायला दोन युद्धं करावी लागली, १०१-१०२ आणि १०५-१०६. तुम्हाला दोन अक्षरं लिहायचा कंटाळा.

शाळेत ज्यांनी ‘माला’ शब्द चालवलाय त्यांना दाकिया अवघड जाऊ नये. आकारान्त, स्त्रीलिंगी. प्रथमा दाकिया, द्वितीया दाकियाम, षष्ठी आणि चतुर्थी दोन्ही दाकियाए, पंचमी पुन्हा दाकिया, फक्त शेवटचा ‘आ’ लांब. संबोधन प्रथमेसारखंच, पण प्रांताला हाक मारायची वेळ कवींखेरीज कुणावर येत नाही. तृतीया नाही, तिचं काम पंचमीने केव्हाच गिळलं. आणि ‘क’ स्पष्ट म्हणायचा. आजच्या रुमानियात या नावाचा उच्चार ‘दाचिया’ होतो, इंग्रजीच्या वाटेने आपल्यापर्यंत ‘डेशिया’ येतो. या पुलावर तसं म्हणालात तर कुणाला कळणार नाही. (दाचिया नावाच्या रुमानियन कंपनीने २००४ साली बाजारात आणलेली लोगान गाडी २००७पासून आपल्या नाशिकला तयार होऊ लागली. बोनेटवरून दाचिया हे नाव तेवढं गळलं होतं, कारण भारतात ती महिंद्र-रेनोची गाडी होती.)

आणखी उत्तरेला, पोताइस्सा आणि नापोका या दोन गावांच्या दरम्यान हिस्पानियातून आलेली एक पलटण रस्ता बांधते आहे. तुम्हाला मैलाच्या दगडावरचा मजकूर उतरवून घ्यायचाय. वरच्या ओळी बादशहाच्या, सगळी नावं प्रथमेत: ट्राजान, आउगुस्तुस, गेर्मानिकुस, दाकिकुस. हे ‘दाकिकुस’ म्हणजे दाक लोकांना जिंकणारा. बिरुद १०२ सालीच घेऊन झालं होतं. प्रांत व्हायला १०६ उजाडलं. विशेषण आधी, नाम मागाहून.

खाली अंतर: ‘आ पोताइस्सा’, म्हणजे पोताइस्सापासून, दहा मैल. आपले साधारण पंधरा किलोमीटर. इथे पोताइस्सा पंचमीत आहे, पण दगडाकडे बघून ते कळायचं कसं? ऱ्हस्व ‘अ’ आणि दीर्घ ‘आ’ यांना लॅटिन लिपीत एकच अक्षर. काही पाथरवट दीर्घ स्वरावर छोटी तिरकी रेघ मारतात, बरेचसे मारत नाहीत. कान शाबूत आहे तोवर अडत नाही. कानाचं पुढे काय होतं ते बघालच.

प्रांताच्या सुरुवातीच्या राज्यपालांपैकी एक आहे देकिमुस तेरेंतियुस स्काउरियानुस. त्याच्या कारकिर्दीत सार्मिझेगेतुसा नावाची वसाहत स्थापन होते. योगायोग बघा, पुढच्या बादशहाच्या, हेड्रियनच्या काळात रोममध्ये व्याकरणाचा सगळ्यांत मोठा पंडित म्हणून ज्याचं नाव आहे तोही तेरेंतियुस स्काउरुस. शुद्धलेखनावर त्याचा ग्रंथ आहे. एकाने प्रांताची घडी बसवली, दुसऱ्याने अक्षरांची.

आता रोमला या, टांकसाळीत. साल साधारण ११२.

ठसा कोरणारा कारागीर मान खाली घालून बसलाय. तो उलटं कोरतो, नाण्यावर सुलटं उमटतं. पाच वर्षांपूर्वीचं एक चांदीचं नाणं त्याच्या शेजारी पडलंय, ते उचला. हात मागे बांधलेला एक दाक पुरुष शस्त्रांच्या ढिगावर बसलाय, आणि खाली रोमन अक्षरं सहाच: दाक काप. पूर्ण केलं तर ‘दाकिया काप्ता’, जिंकलेली दाकिया. काप्ता हे धातुसाधित विशेषण स्त्रीलिंगी, कारण दाकिया स्त्रीलिंगी. पण शब्द मध्येच तोडल्यामुळे लिंग दाखवणारा शेवटच उडाला. वाचायचं स्त्रीलिंगी, दिसतो बांधलेला पुरुष.

आता आजचा ठसा बघा. पितळी नाणं, मोठं, तळहाताचा मधला खळगा भरणारं. खडकावर एक बाई बसलीये. हातात रोमच्या पलटणीचा गरुडध्वज. गुडघ्यावर एक मूल, त्याच्याकडे धान्याची कणसं. पुढ्यात दुसरं, त्याच्याकडे द्राक्षं. लेख आता अंगभर आहे: दाकिया आउगुस्त प्रोविंकिया. पाच वर्षांत बांधलेल्या पुरुषाची लेकुरवाळी झाली.

हे राजकारण आहेच, पण त्याला वाट व्याकरणाने करून दिली, असं मला वाटतं. लॅटिनमध्ये लोकांच्या नावाला ‘इया’ जोडलं की देश होतो. गाल्लुसवरून गाल्लिया, गेर्मानुसवरून गेर्मानिया, दाकुसवरून दाकिया. हे झाडून सगळे स्त्रीलिंगी. प्रांत करायचा म्हटलं की शब्द स्त्रीलिंगी होतो, आणि शब्द स्त्रीलिंगी झाला की शिल्पकाराला बाईच घडवावी लागते. मग तिच्या मांडीवर मूल द्यायला किती वेळ लागतो? डोंगरात कापले गेलेले पुरुष चित्रातून आपोआप बाहेर जातात. प्रत्ययाने कुणाला मारलं नाही, हे कबूल. मेलेल्यांची जागा मात्र त्याने झटकन भरून काढली.

त्या ‘आउगुस्त’वर बोट ठेवा. इथेही शब्द अर्धाच आहे. ‘आउगुस्ती’ धरलं तर षष्ठी: बादशहाचा प्रांत, सिनेटचा नव्हे, इथे फौज त्याची आणि राज्यपालही त्याने नेमलेला. ‘आउगुस्ता’ धरलं तर नुसतं गौरवाचं विशेषण. काही पंडित षष्ठीकडे झुकतात. कारागिराला विचारलंत तर तो सांगेल की गोल तिथे संपत आला होता.

पुढच्याच वर्षी, ११३ साली, ट्राजानचा स्तंभ लोकांसाठी खुला होतो. दाकियाची दोन्ही युद्धं त्याच्याभोवती वर वर वळत जातात. मान दुखेपर्यंत बघा. आपल्याला मात्र पायथ्याच्या लेखातलं एकच रूप हवंय, ‘दाकिको’. चतुर्थी. स्तंभ त्याला अर्पण आहे म्हणून.

इथून पुढे सरकारी भाषा सोडू आणि खाणीत उतरू.

१७ मार्च १३९. अल्बुर्नुस मायोरचा सोन्याच्या खाणींचा मुलूख, म्हणजे आजच्या रुमानियातलं रोशिया मोंताना. डोंगर आतून पोखरलेला. खाणकामगारांत बरेच जण आड्रिॲटिक समुद्राकडच्या दाल्मातियातून आणून वसवलेले, पिरुस्ताए जमातीचे. त्यांची नावं इलिरियन, वर लॅटिनचे प्रत्यय चढवलेले. तुम्ही लेखनिक म्हणून बसला आहात. समोर एक विकणारा, दासियुस वेर्झोनिस. एक घेणारा, माक्सिमुस बातोनिस. वेर्झोनिस म्हणजे वेर्झोचा, बातोनिस म्हणजे बातोचा. ‘मुलगा’ हा शब्द लिहीत नाहीत, बापाच्या नावाची षष्ठी पुरते. आणि एक मुलगी. वय अंदाजे सहा.

लिहायला घ्या. मजकूर ठरीव आहे, रोमचा कायदा आहे. ‘पुएल्लाम नोमिने पास्सियाम’: पास्सिया नावाची मुलगी, किंवा तिला दुसरं कुठलं नाव असेल तर ते. किंमत २०५ दिनार. मुलगी निरोगी आहे, तिच्यावर चोरीचा किंवा नुकसानीचा आळ नाही, ती पळून जाणारी नाही, भटकणारी नाही, अशी हमी. उद्या कुणी तिच्यावर हक्क सांगितलाच तर भरपाई किती, तेही.

लॅटिनच्या बऱ्याच पाठ्यपुस्तकांत पहिल्या धड्यात चालवायला ‘पुएल्ला’ शब्द देतात. पुएल्ला, पुएल्लाम, पुएल्लाए. दाकिया याच साच्यातला. पाठ करताना ती मुलगी कोण, असा प्रश्न पोरांना पडत नाही. इथे ती तुमच्यापासून दोन हातांवर उभी आहे, आणि तुमची लेखणी ‘पास्सियाम’च्या ‘म’वर आलीये. तो ‘म’ कर्माचा. विकत घेतली ती. या करारात तिचं नाव कर्त्याच्या जागी येत नाही. येण्याचं कारण नाही, कारण करारात ती काहीच करत नाही. ‘दुसरं कुठलं नाव असेल तर’ हे शब्द तेवढे घासून लिहा. तिला आई कोणत्या नावाने हाक मारायची, यात कुणालाच रस नव्हता, आणि वकिलाने ते एका वाक्यात निकालात काढलं.

आता साक्षीदार. पाट्या दोऱ्याने बांधून मोहोरा उठवायच्या, आणि प्रत्येक मोहोरेशेजारी साक्षीदाराचं नाव, तेही षष्ठीत: अमक्याची. मोहोर हा शब्द गृहीतच. एका पाटीवर बघा कसं वाटप झालं: माणसं प्रथमेत आणि षष्ठीत, मुलगी द्वितीयेत.

पंचवीस वर्षं पुढे सरका. २० मे १६४. मेम्मियुस नावाचा मजूर सोन्याच्या कामावर लागतोय, आजपासून १३ नोव्हेंबरपर्यंत, ७० दिनारांवर. त्याला लिहिता येत नाही म्हणून दुसरा कुणी त्याच्या वतीने लिहितो, आणि करारात तसं स्पष्ट नमूद करतो. मधेच काम टाकलं तर दिवसाला पाच सेस्तेर्तियुस दंड. खाणीत पाणी भरून काम थांबलं तर तेवढ्या दिवसांचे पैसे कापायचे. पास्सियाची किंमत म्हणजे मेम्मियुसच्या जवळजवळ तीन हंगामांची मजुरी. लिहिणाऱ्याने सत्तरसाठी ‘सेप्तुआगिंता’ऐवजी ‘सेप्तागिंता’ लिहिलंय. थोरला लेखनिक असता तर मेण पुन्हा पातळ करायला लावलं असतं.

आणि मग ९ फेब्रुवारी १६७. ठाण्यावर एक जाहीर सूचना लागलीये, तिची तुम्ही नक्कल घेताय. एक मंडळ होतं, ज्युपिटर केर्नेनुसच्या नावाचं. सभासदांनी वर्गणी भरायची, आणि कुणी वारलं की मंडळाने त्याच्या अंत्यविधीचा खर्च करायचा. मंडळाचा प्रमुख आर्तेमिदोरुस अपोल्लोनी जाहीर करतो: चोपन्न सभासदांपैकी सतराच राहिले आहेत. सह-प्रमुख नेमणूक झाल्यापासून एकदाही फिरकलेला नाही. वर्गणी कुणी भरत नाही, बैठकीला कुणी येत नाही, तिजोरीत अंत्यविधीपुरतेही पैसे नाहीत. तेव्हा यापुढे कुणाचं काही बरंवाईट झालं तर मंडळाकडे मागणी करू नये. सरहद्दीवर मार्कोमान्नी टोळ्यांशी युद्धं पेटत होती. सोन्याच्या डोंगरातून माणसं पांगत होती.

या नकलेच्या सुरुवातीलाच, सूचना कुठे लावली होती ते सांगताना, दोन शब्द येतात: ‘अद् स्तातिओने’. ‘ठाण्याशी’. ‘अद्’च्या पुढे द्वितीया हवी, ‘स्तातिओनेम’. ‘म’ गेला.

लिहिणारा अडाणी होता म्हणून गेला, असं समजू नका. शब्दाच्या शेवटचा ‘म’ बोलण्यातून आधीच गळत चालला होता. सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतींवर तसं लिहिलेलं सापडतं. खाणीत फक्त ते सत्य पाटीवर उतरलं. आणि आता त्या कानाकडे या. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही हळूहळू बुजत जाणार. मग ‘म’ नाही, लांबी नाही, तर दाकिया, दाकियाम आणि दाकिया (लांब ‘आ’ची) हे तिन्ही एकच ऐकू येतात. प्रथमा, द्वितीया, पंचमी एका शब्दात कोंबल्या गेल्या. कोण कुठे चाललंय, कोण कुठून आलंय, हे कळायला आता ‘इन’सारख्या शब्दांशिवाय गत्यंतर नाही. पुलावरच्या खडूस लेखनिकाचं ते दोन अक्षरी लचांड या तिन्ही विभक्त्यांना पुरून उरलं. आजही रुमानियन भाषेत दाकियात जाणं आणि दाकियात असणं, दोन्हींना तोच शब्द लागतो. षष्ठी-चतुर्थीचं ‘दाकियाए’ मात्र वेगळं ऐकू येत होतं, म्हणून वाचलं. रुमानियनमध्ये स्त्रीलिंगी नामांना षष्ठी-चतुर्थीचं वेगळं रूप आजही आहे. लॅटिनच्या लेकींपैकी फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश या थोरामोठ्यांनी नामांच्या विभक्त्या टाकून दिल्या.

मधल्या काळात दाकिया अनेकवचनी झाली आहे. हेड्रियनने तिचे भाग पाडले: सुपेरिओर, इन्फेरिओर आणि उत्तरेचा पोरोलिस्सेन्सिस. बादशहा मार्कुस औरेलियुसच्या वेळी तिघींवर मिळून एक राज्यपाल आला. त्याच्या पदनामात षष्ठीचं अनेकवचन आहे, ‘त्रियुम दाकियारुम’, तिन्ही दाकियांचा. प्रशासनाला अनेकवचन फार आवडतं.

२७१ ते २७५ मधलं कुठलंतरी वर्ष धरा. तुम्ही पुन्हा डॅन्यूबवर, पण काठ उत्तरेचा आणि तोंड दक्षिणेला. पुलावरच्या फळ्या केव्हाच नाहीत. हेड्रियनने वरचं बांधकाम उतरवून टाकलं, असं इतिहासकार कास्सियुस दियो लिहून गेलाय. खांब पाण्यात उभे. बादशहा औरेलियान प्रांत सोडतोय. पोताइस्साची पाचवी पलटण दक्षिणेला ओएस्कुसला चालली, आपुलुमची तेरावी रातियारियाला. गाड्यांवर पेट्या, पेट्यांत दप्तर. तुमच्यापुढे अडचण उभी आहे: प्रांत तर सोडला, मग वरती लिहायचं काय?

हुकूम येतो, आणि तो वाचून तुम्ही दोनदा डोळे चोळता. नदीच्या दक्षिणेला, मोएसिया प्रांताचे तुकडे कापून एक नवा प्रांत होतोय. त्याचं नाव दाकिया. बादशहाने प्रांत गमावला, असं कुणाला म्हणता येऊ नये. यादी बघा, दाकिया आहे. ‘इन दाकियाम’ म्हणजे १०८ साली उत्तरेला जायचं होतं. आता त्याच दोन शब्दांवर गाड्या दक्षिणेला हाकायच्या. विभक्ती तीच, प्रत्यय तोच, व्याकरणात तसूभर चूक नाही.

पुढे त्या नव्या दाकियाचेही दोन भाग पडतात. रिपेन्सिस म्हणजे नदीकाठची. मेदितेर्रानेआ म्हणजे जमिनीच्या मधली. तिचा समुद्राशी काडीचा संबंध नाही. तिची राजधानी सेर्दिका, आजची सोफिया. नदीच्या उत्तरेला लॅटिन बोलणारे तसेच टिकून राहिले, की काही शतकांनी दक्षिणेकडून पुन्हा वर गेले, यावर रुमानियन आणि हंगेरियन इतिहासकारांची पिढ्यान्‌पिढ्या जुंपलेली आहे. आपण त्यात पडायला नको.

शेवटचा मुक्काम कॉन्स्टँटिनोपल, साल ५२७ च्या आसपास. रस्त्यावर ग्रीक चालते, पण एका खोलीत प्रिस्कियान लॅटिन शिकवतो. तो मूळचा आफ्रिकेतल्या मौरितानियाचा, आणि त्याने व्याकरणाचा अठरा भागांचा ग्रंथ रचलाय. नामांच्या शेवटांची चर्चा चालू असताना तो उदाहरण म्हणून ट्राजानच्या पुस्तकातलं एक वाक्य देतो. होय, ट्राजानने दाकियाच्या युद्धावर स्वतः पुस्तक लिहिलं होतं. वाक्य पाच शब्दांचं: सैन्य इथून तिथे गेलं, मग पुढच्या जागी. दोन जागांची नावं, क्रियापद उत्तम पुरुषी अनेकवचनी. सीझर आपल्या पुस्तकांत स्वतःला तृतीय पुरुषी ठेवतो. ट्राजान इथे ‘आम्ही’ म्हणतो. प्रिस्कियानला ना त्या ‘आम्ही’चं काही, ना युद्धाचं. त्याला फक्त एका गावाच्या नावाचा शेवट हवाय. बाकीचं पुस्तक आज कुठेही नाही. पाच शब्द आहेत, तेही या वर्गात दाखल्याला लागले म्हणून.

थेओदोरुस नावाचा त्याचा शिष्य ५२६-५२७ मध्ये हा ग्रंथ उतरवून काढतो. याच शहरात १ एप्रिल ५२७ रोजी जस्टिनियन सह-बादशहा म्हणून गादीवर बसतो. त्याची जन्मभाषा लॅटिन. त्याचं गाव तौरेसियुम दार्दानिया प्रांतात, आणि दार्दानिया मोडते दाकिया नावाच्या प्रांतसमूहात. तेव्हा कारकून या नात्याने तो दाकियाचा आहे असं तुम्ही बेलाशक लिहू शकता. पोताइस्साच्या मैलाच्या दगडाशी, अल्बुर्नुसच्या खाणीशी, खडकावर बसलेल्या त्या बाईशी त्याच्या दाकियाचा संबंध आहे, पण नावापुरता.